डेव्हिड लॅक यांचे वृत्त

डेव्हिड लॅक यांचा जन्म सन १९१० त लंडन शहरी झाला. इंग्लंडात शाळामास्तर असता त्यांनी रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून एकेकाची वागणूक न्याहाळिली. सन १९३८ त ते पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांस गेले. तेथील फिंच नामक चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोची जातीजातींत भिन्न असतात. त्या केवळ स्वजातीची ओळख पटावी म्हणून आहेत, असे त्यांनी प्रथम लिहिले. परंतु फिरून विचार करिता, एकत्र राहणाऱ्या जातींचे भक्ष्य निराळे व चोच त्या भक्ष्याजोगी, असे त्यांस दिसले; आणि सन १९४७ च्या ग्रंथात त्यांनी आपले पूर्वमत सोडिले.

पुढल्याच वर्षी, देवाविषयी साशंक असलेल्या या गृहस्थांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारिला. तरी त्यांनी उत्क्रांतीचे ज्ञान टाकिले नाही. दोहोंमधील न सुटलेला वाद सन १९५७ त ग्रंथरूपाने उघड मांडिला. सन १९७३ त ते निवर्तले.

आमची शिकलेली मुले हाच प्रश्न घरी विचारितात. त्यांस दटावून आम्ही त्यांचा विश्वास राखू शकत नाही. ज्यास आपली चूक कबूल करण्याची लाज वाटली नाही, त्यास देवाने दूर लोटिले नाही, हे आम्ही ध्यानी ठेवावे.