पहिल्या मिनिटाचा हिशेब

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांपुढे एक कोडे होते. एक वर्षाच्या आतील बालकांचे मृत्यू मागच्या वीस वर्षांत झपाट्याने घटले होते. पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ जागचे हललेच नव्हते. प्रसूतीच्या खोलीत सारे लक्ष आईकडे असे. मूल निळसर, निपचित निघाले तर ते बाजूला ठेवले जाई. पाठीवर थापट्या, गार आणि गरम पाण्यात आळीपाळीने बुडवणे, असे उपाय होत, आणि पुष्कळदा तेही होत नसत. अशा मुलाकडे पाहण्याची रीत घालून दिली ती बालरोगतज्ज्ञाने नव्हे आणि प्रसूतितज्ज्ञानेही नव्हे. ती घालून दिली डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी न्यू जर्सीतील वेस्टफील्ड येथे झाला. वडील विमा व्यवसायात होते, पण जीव रमे तो घरच्या रेडिओ यंत्रांत आणि आकाशनिरीक्षणात. घरात वाद्यसंगीत होते, तसे आजारपणही होते. एक भाऊ क्षयाने गेला, दुसऱ्याला त्वचारोग जडला होता. डॉक्टर व्हायचे हे मुलीने लवकर ठरवून टाकले होते. माउंट होलिओक महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना खर्च भागवण्यासाठी त्यांनी मिळेल ते काम केले. प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हेही त्यातले एक. १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि काही आठवड्यांतच शेअर बाजार कोसळला. १९३३ मध्ये वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या तेव्हा डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरचे कर्ज होते.

शल्यचिकित्सक व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि हातही तसा होता. विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी मात्र त्यांना भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. मंदीच्या त्या दिवसांत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्री शल्यचिकित्सकांचा जम बसला नव्हता. शिवाय भूल सुधारल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे जाणार नाही, असेही त्यांना वाटे. भूल देण्याचे काम तेव्हा बहुतांशी परिचारिकांकडे होते, त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. हा सल्ला हितचिंतकाचा होता, तरी दार बंद झाले ते झालेच. ॲपगार यांनी कुरकुर न करता मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शिक्षण घेतले. मॅडिसनमध्ये स्त्री डॉक्टरला राहायला धड जागा मिळेना. बेलव्ह्यूत तर त्या मोलकरणींच्या निवासात राहिल्या.

१९३८ मध्ये कोलंबियात परतून त्यांनी भूलविभाग जवळजवळ शून्यातून उभा केला. अकरा वर्षांनी त्याला स्वतंत्र शैक्षणिक विभागाचा दर्जा मिळाला तेव्हा प्रमुखपदी नेमणूक झाली ती एका पुरुष सहकाऱ्याची. ॲपगार त्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्या महाविद्यालयाच्या पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या. प्रशासनाचे जोखड उतरले होते. त्या स्लोन स्त्री रुग्णालयातील प्रसूतीच्या खोलीत गेल्या आणि तिथेच रमल्या. प्रमुखपद हातचे गेले नसते तर ही वाट त्यांनी कदाचित धरलीही नसती.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने त्यांना नवजात बालकाची स्थिती कशी तपासायची असे विचारले आणि हाताशी असलेल्या कागदावर त्यांनी पाच गोष्टी लिहून दिल्या, असे सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने बेरीज. यंत्र नको, रक्त नको, खर्च नको. फक्त पाहणारे डोळे आणि घड्याळ हवे. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, १९५३ मध्ये ती छापली. त्या निबंधातील आकडे बोलके आहेत. पूर्ण दिवसांच्या मुलांपैकी ज्यांना दोन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांतील १४ टक्के दगावली. आठ ते दहा गुण असलेल्यांत हे प्रमाण ०.१३ टक्के होते. जे मूल आजवर बाजूला ठेवले जात होते, त्याला आता गुण द्यावे लागत. आणि गुण द्यायचे तर त्याच्याकडे पाहावे लागे. पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजणी करण्याची रीत नंतर पडली. दहाएक वर्षांनी डेन्व्हरच्या एका डॉक्टरांनी इंग्रजी आडनावाच्या पाच अक्षरांत ही पाच लक्षणे बसवली, तेव्हा ॲपगार यांना मोठी गंमत वाटली. आज आपल्याकडील प्रसूतिगृहांच्या कागदांवरही हा आकडा असतो. ते एका बाईंचे आडनाव आहे हे कित्येकांना ठाऊक नसते.

गुण देऊन त्या थांबल्या नाहीत. नवजात बालकाच्या रक्तात प्राणवायू कमी असणे स्वाभाविकच, अशी तेव्हा समजूत होती. डंकन हॉलाडे आणि स्टॅन्ली जेम्स यांच्यासह त्यांनी नाळेतील रक्त तपासले. कमी गुणांच्या मुलांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्ल अधिक असल्याचे दिसले. म्हणजे ही स्थिती स्वाभाविक नव्हती. मूल गुदमरत होते, आणि त्याला ताबडतोब श्वास देणे हाच उपाय होता. याच कामात आईला दिल्या जाणाऱ्या सायक्लोप्रोपेन या भुलीच्या वायूने मूल मंदावते असे आढळले. तो त्यांचा आवडता वायू होता. पुरावा हाती येताच त्यांनी प्रसूतीत त्याचा वापर सोडला. त्यांच्या बटव्यात श्वासनलिकेत घालण्याची नळी आणि चाकू कायम असे. वाटेत कोणाचा श्वास अडला तर हात रिकामे नकोत, हा त्यामागचा विचार.

१९५९ मध्ये, पन्नाशीत, त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या विभागाची धुरा उचलली. गर्भवतींनी घ्यावयाची काळजी, रुबेलाचा धोका, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, या विषयांवर त्या देशभर बोलत फिरल्या.

त्याच १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या श्वासाचे मर्म उघड केले. फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव अशा मुलांत पुरेसा तयार झालेला नसतो. श्वास सोडला की कोश मिटतात आणि प्रत्येक वेळी ते नव्याने उघडावे लागतात. थोड्याच वेळात मूल थकते. कारण कळले, उपाय मात्र हाती नव्हता. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच विकाराने गेला.

उपाय मूल स्वतःच दाखवत होते. अशी मुले श्वास सोडताना कण्हतात. कंठ अर्धवट मिटून ती हवा अडवतात, म्हणजे फुप्फुस पुरते मिटत नाही. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी, तेही भूलतज्ज्ञच, हे कण्हणे बाहेरून करून दाखवले. श्वास मुलानेच घ्यायचा. फक्त वाटेत हवेचा सौम्य दाब सतत ठेवायचा. त्यांच्या पहिल्या २० मुलांपैकी १६ जगली. बहुतेकांच्या श्वासनलिकेत नळी होती. पण तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते. मग घशात उतरायचे कशाला? दोन-तीन वर्षांतच नाकपुड्यांत बसणाऱ्या आखूड नळ्या आल्या. कोलंबियात, ॲपगार यांच्याच रुग्णालय-संकुलात, जेन-टिएन वुंग या भूलतज्ज्ञांनी ही पद्धत अगदी साधी केली. नाकात दोन नळ्या, आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या नळीचे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे पाच सेंटिमीटर बुडवलेले. पाणी जितके खोल तितका दाब. बुडबुडे येत आहेत तोवर सारे ठीक. १९८७ मध्ये एव्हरी यांनी आठ केंद्रांची तुलना छापली, तेव्हा फुप्फुसाचे चिवट दुखणे मागे राहिलेली मुले सर्वांत कमी निघाली ती कोलंबियात.

ते निष्कर्ष पाहायला ॲपगार नव्हत्या. ७ ऑगस्ट १९७४ रोजी कोलंबियाच्याच रुग्णालयात यकृताच्या आजाराने त्यांचे निधन झाले होते. त्यांनी लग्न केले नाही. पन्नाशी उलटल्यावर त्या विमान चालवायला शिकल्या. व्हायोलिन लहानपणापासूनचे; पुढे कार्लीन हचिन्स या रुग्ण म्हणून आलेल्या शिक्षिकेकडून तंतुवाद्ये घडवायलाही शिकल्या. रुग्णालयातील टेलिफोनच्या खोलीत मेपलच्या सुरेख रेषांच्या लाकडाची एक फळी होती. ती वाद्याला हवी होती आणि रुग्णालय देईना. दोघींनी एका रात्री ती गुपचूप काढून तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी बसवली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने ॲपगार यांच्या स्मरणार्थ २० सेंटचे तिकीट काढले. डॅलसमधील त्या समारंभात बालरोगतज्ज्ञ वादकांनी त्यांनी घडवलेल्या वाद्यांवर वादन केले. त्यांतील व्हायोलाची पाठ टेलिफोनच्या खोलीतल्या त्या फळीची होती.