नीटनेटक्या घरातला नीरो

घरात कुत्रं आणायचं म्हटलं, की बहुतेक घरांत लगेच दोन पक्ष पडतात. मुलं एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. बाबा त्या दिवशीच्या मूडप्रमाणे! आईचं म्हणणं अगदी साधं असतं. केस कोण झाडणार? पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन आत आलं तर फरशी कोण पुसणार? धुतलेल्या चादरीवर ऐसपैस जाऊन बसलं तर? हौस सगळ्यांची आणि काम एकटीचं, हे तिला अनुभवानं पाठ झालेलं असतं. तिचं काही चुकतं असंही नाही.

पण स्वच्छतेचं वेड असलेल्या एका बाईनं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, तेही पांढरंशुभ्र कुत्रं, तेही कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या लंडन शहरात पाळलं होतं. तिचं नाव जेन वेल्श कार्लाइल. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना थॉमस कार्लाइल हे नाव ठाऊक असतं. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिणारा हा एकोणिसाव्या शतकातला मोठा लेखक. जेन ही त्याची बायको. ती गेल्यावर तिची पत्रं छापली गेली आणि लोकांच्या लक्षात आलं, की त्या घरात लेखणीवर हुकमत असलेली माणसं दोन होती.

जेनचा जन्म १४ जुलै १८०१ चा, स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन गावातला. डॉक्टर वडिलांची एकुलती एक लाडकी लेक. मुलगे शिकतात तसं मलाही लॅटिन शिकायचंय, म्हणून लहानपणीच हट्ट धरून बसली आणि शिकलीही. १८१९ मध्ये रुग्णांकडून लागण होऊन वडील टायफसच्या तापानं गेले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हे दुःख तिनं जन्मभर उराशी बाळगलं.

१७ ऑक्टोबर १८२६ ला तिचं कार्लाइलशी लग्न झालं. तो गवंड्याचा मुलगा, हुशार, पण हातात पैसा नाही आणि पोटाचं दुखणं कायमचं. दोन वर्षांनी दोघं क्रेगनपुटॉक नावाच्या, माळरानावरच्या एकाकी शेतघरात राहायला गेले. जेननं माहेरी कधी पीठ मळलेलं नव्हतं. पण विकतच्या पावानं नवऱ्याचं पोट बिघडायचं, म्हणून घरी पाव भाजायला शिकावं लागलं. एकदा रात्री भट्टीत पाव ठेवून ती पहाटे तीनपर्यंत एकटीच जागत बसली होती. लॅटिन शिकलेली, कविता करणारी ही मुलगी त्या रात्री पाव फुगतोय की नाही, या काळजीनं रडकुंडीला आली होती.

१८३४ मध्ये दोघं लंडनला आले आणि चेल्सी भागातल्या चेनी रो या गल्लीत वर्षाला ३५ पौंड भाड्यानं घर घेतलं. उंच, अरुंद, जुनं घर. स्वयंपाकघर तळघरात, पाणी पंपानं उपसायचं, मग बादल्या घेऊन जिने चढायचे. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी. तिची राख रोज काढायची आणि काजळी रोज पुसायची. मदतीला एकच मोलकरीण, तीही तळघरातच झोपायची. बत्तीस वर्षांत या घरात तीसहून अधिक मोलकरणी येऊन गेल्या. कामवाली टिकत नाही ही तक्रार काही आपल्याच काळातली नाही!

१८४३ च्या उन्हाळ्यात नवरा बाहेरगावी गेल्याची संधी साधून जेननं रंग, नवे कागद, दुरुस्ती असं सगळं काम काढलं. त्यातच मोलकरणीच्या पलंगात ढेकूण सापडले. बाई डगमगली नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर वीसेक बादल्या पाणी ओतलं, पलंग सुटा केला, पडदे पाण्यात टाकले आणि एकही ढेकूण जिवंत सुटू दिला नाही. कोणतं युद्ध जिंकावं तशा थाटात तिनं हा प्रसंग पत्रात रंगवून लिहिला आहे.

घाणीइतकाच दुसरा शत्रू म्हणजे आवाज. कार्लाइलला लिहिताना टाचणी पडलेलीही चालत नसे. शेजारचे कोंबडे आरवले, पलीकडच्या घरात पियानो वाजला, की त्याचा तोल जायचा. मग शेजाऱ्यांकडे जाऊन गोड बोलून, कधी पैसे देऊन कोंबड्यांचा बंदोबस्त करणं हे जेनचं काम. पुढे १८५३ मध्ये गच्चीखाली खास आवाजबंद खोली बांधून घेतली. खर्च भरपूर झाला, पण तिथे जवळचे आवाज थांबले तर दूरचे ऐकू यायला लागले. घराचा हिशेबही जेनकडेच. १८५५ मध्ये खर्च भागेना, तेव्हा तिनं संसदेत मांडतात तसा घरचा अर्थसंकल्पच लिहून नवऱ्यापुढे ठेवला. कोळसा, पाव, मांस सगळं महाग झालंय, तेव्हा वर्षाला २९ पौंड वाढवून हवेत, अशी मागणी केली. तो हसला आणि त्यानं पैसे मंजूर केले.

अशा घरात १८४९ च्या डिसेंबरात एक छोटंसं, झुपकेदार पांढरं कुत्रं आलं. नाव नीरो. रोमच्या त्या बदनाम बादशहाचं नाव या एवढ्याशा जिवाला!

जेन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. आई १८४२ मध्येच गेली होती. नवरा दिवसभर पुस्तकांत बुडालेला. उरलेल्या वेळात त्याला लेडी हॅरिएट नावाच्या एका बड्या घरच्या विदुषीच्या सहवासाची ओढ. त्यात वावगं काही नव्हतं म्हणतात, पण आपल्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस तिथे जाऊन तासन् तास बोलतो, हे जेनला सलत होतं. घर लख्ख होतं आणि त्या लख्ख घरात ती एकटी होती.

नवरा कुत्र्याला पाहून काय म्हणेल, ही धाकधूक होतीच. पण नीरोनं पहिल्याच काही दिवसांत त्याला जिंकलं. कार्लाइल सकाळी तोंड पाडून खाली यायचा किंवा फिरून दमून यायचा, की नीरो मागच्या दोन पायांवर उभा राहून त्याच्याभोवती नाचायचा. तो खूश व्हायचा. जेननं एका स्नेह्याला लिहिलं, की खरं तर असं मी नाचायला हवं, पण ते मला जमत नाही. लिहिलंय गमतीत, पण वाचताना आपल्याला हसू येत नाही.

नीरो रात्री तिच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायचा. हूं की चूं नाही. महिन्याभरातच, १८५० च्या जानेवारीत, बाहेरगावी असलेल्या कार्लाइलला नीरोच्या नावानं पत्र गेलं. अक्षर अर्थात जेनचं. मालकिणीची खबरबात कुत्र्यानं कळवलेली. मनातलं थेट सांगायची सोय उरली नसेल, तर घरातलं लेकरू मध्ये घालून बोलतात ना, तसंच हे.

कामं मात्र वाढलीच. काजळीच्या शहरात पांढऱ्या कुत्र्याला धुवायचं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. एकदा तर पक्षी दिसला म्हणून नीरोनं वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली. मोलकरणीनं त्याला उचलून आणलं तेव्हा तो लाकडासारखा ताठ पडला होता. कार्लाइल अर्धवट दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून खाली आला, चौकशी केली, हळहळला आणि दाढी पुरी करायला परत वर गेला! जेननं कुत्र्याला अंथरुणात घेतलं, चाचपून पाहिलं. हाडं शाबूत होती. त्या काळी लंडनमध्ये कुत्री पळवून पैसे उकळणाऱ्यांचा धंदा जोरात होता. नीरोही चोरीला गेला आणि सुदैवानं परत मिळाला. मग बाहेर नेताना साखळी आली.

रात्री उशिरा कार्लाइल फिरायला निघे, तेव्हा नीरो बरोबर असे. तोंडानं त्याला काहीबाही नावं ठेवायची आणि न्यायचं मात्र रोज. १८५७-५८ मध्ये रॉबर्ट टेट या चित्रकारानं या घराच्या दिवाणखान्याचं चित्र काढलं. त्यात नवरा-बायकोबरोबर नीरोही आहे. चित्रात नीरो मेंढीएवढा मोठा दिसतोय, अशी जेनची तक्रार होती.

१८५९ च्या ऑक्टोबरात मोलकरणीबरोबर बाहेर गेलेल्या नीरोच्या गळ्यावरून खाटकाची गाडी गेली. जेननं त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातली, गुंडाळून उशीवर निजवलं. सकाळी तो जिवंत होता, पण पुढचे काही दिवस भुंकायला आवाजच फुटेना. तिनं त्याची चार महिने सेवा केली. शेवटी त्याचे हाल बघवेनात, तेव्हा १ फेब्रुवारी १८६० ला ओळखीच्या डॉक्टरांनी औषध देऊन त्याची सुटका केली. घरामागच्या बागेत त्याला पुरलं आणि वर तारीख कोरलेला लहानसा दगड बसवला. नवरा आपल्याला वेड्यात काढेल असं जेनला वाटलं असावं. पण तो स्वतःच रडत होता. आपल्याला इतकं दुःख होईल, याची त्यालाच कल्पना नव्हती.

पुढची वर्षं जेनला जड गेली. १८६३ मध्ये रस्त्यात पडून दुखापत झाली आणि वेदनांनी तिला वर्षभर अंथरुणाला खिळवलं. बरी झाल्यावर नवऱ्यानं तिला फिरायला घोडागाडी घेऊन दिली. २१ एप्रिल १८६६ ला ती त्याच गाडीतून हाइड पार्कला निघाली. बरोबर एक लहानसं कुत्रं होतं. त्याला पाय मोकळे करायला तिनं खाली सोडलं आणि बाजूनं जाणाऱ्या गाडीखाली त्याचा पंजा सापडला. चौसष्ट वर्षांची जेन धावत खाली उतरली, त्याला उचलून गाडीत बसली. गाडीवान फेऱ्या मारत राहिला. बऱ्याच वेळानं, बाईसाहेब काहीच सांगत नाहीत म्हणून त्यानं पाहायला लावलं. जेन मांडीवर हात ठेवून शांत बसलेली होती. प्राण केव्हाच गेला होता.

कार्लाइल तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. नंतर तिची पत्रं आणि रोजनिशी वाचताना, शेजारच्या खोलीत राहणारी ही बाई किती एकटी होती, ते त्याला कळलं. तो आणखी पंधरा वर्षं जगला, पण ती टोचणी गेली नाही. तिला तिच्या इच्छेप्रमाणे हॅडिंग्टनला वडिलांशेजारी पुरलं. १८८३ मध्ये पत्रं छापली गेली. चेनी रोवरचं ते घर १८९५ मध्ये लोकवर्गणीतून विकत घेऊन जपलं गेलं.

कुत्रं आणायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. त्याचं करायला वेळ, जागा आणि माणूस हवं, हे खरंच आहे. मात्र आईनं नको म्हटलं म्हणून तिला कठोर ठरवण्याआधी झाडू कुणाच्या हातात असतो ते घरच्यांनी पाहावं. आणि आईनंही मनाशी एकदा विचारून घ्यावं, की घर आवरून झाल्यावर, दुपारी तीन वाजता, आपल्याशी बोलायला त्या घरात कोण असतं?