चिठ्ठ्यांचा डबा आणि बीटनबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी एका पसाऱ्यात बसले होते. आमच्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन वर्ष झाले. त्यांच्या कपाटातील बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मी त्या दिवशी प्रथमच उघडला. आत सगळ्या पाककृतींच्या चिठ्ठ्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, कॅलेंडरची फाडलेली पाने, वर्तमानपत्रांतील कात्रणे, अंतर्देशीय पत्रांचे तुकडे. कुठे तेलाचा डाग, कुठे हळदीचे बोट उमटलेले. मोजल्या तेव्हा दोनशे अकरा भरल्या.

डबा उघडण्याचे कारण वन्सं. त्यांच्या लेकीचे लग्न ठरले आहे आणि तिला आजीच्या हातचा असतो तसाच गोडा मसाला करायला शिकायचा आहे. वन्संनी माझ्याकडे प्रमाण मागितले. ती चिठ्ठी सापडली. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, नागकेशर अशी नावे ओळीने लिहिलेली. धन्यांपुढे एक चिपटे एवढे माप दिले आहे आणि बाकी सारे नेहमीप्रमाणे घ्यावे, असे लिहून माई मोकळ्या झाल्या आहेत. नेहमीप्रमाणे म्हणजे किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. तो हात आता नाही. पंचवीस वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहून तो मसाला भाजला, पण एकदा विचारून लिहून घेऊ, असे म्हणण्यातच ती वर्षे गेली.

अशा वेळी मला एका परक्या देशातील गृहिणीची आठवण झाली. तिच्यापुढेही एकदा असाच चिठ्ठ्यांचा ढीग येऊन पडला होता, आणि तिने तो नुसता डब्यात ठेवला नाही. तिचे नाव इझाबेला बीटन. इंग्रजी घरांत मिसेस बीटन म्हणून हे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले. नाव ऐकले की पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली, अनुभवी आजीबाई डोळ्यांसमोर उभी राहते. प्रत्यक्षात या बाई गेल्या तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

त्यांचा जन्म 14 मार्च 1836 रोजी लंडनमध्ये झाला. माहेरचे आडनाव मेसन. त्या चार वर्षांच्या असताना वडील वारले. आईच्या पदरी चार मुले होती. 1843 मध्ये आईने हेन्री डॉर्लिंग या विधुर गृहस्थाशी लग्न केले. त्यांचीही आधीची चार मुले होती, आणि पुढे दोघांना आणखी तेरा झाली. म्हणजे घरात एकंदर एकवीस भावंडे, आणि मुलींत थोरली इझाबेला. डॉर्लिंग हे एप्सम गावच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचे व्यवस्थापक. शर्यती नसत त्या दिवसांत धाकट्या मुलांचा गोतावळा आजीच्या देखरेखीखाली मैदानावरच्या प्रेक्षकांच्या भव्य इमारतीत राहत असे. एवढ्या मुलांना जेवू घालणे आणि निजवणे यांत आईला आणि आजीला थोरल्या मुलीचा हातभार लागे. मोठ्या पंगतीचा हिशेब त्यांच्या अंगी लहानपणीच मुरला असावा, असे मला वाटते.

पुढे शिक्षणासाठी त्यांना जर्मनीत हायडेलबर्गला पाठविले. तेथे फ्रेंच आणि जर्मन भाषा, पियानो आणि केक-पेस्ट्रीचे काम त्या शिकल्या. 1854 मध्ये परत आल्यावर एप्समच्या एका भटारखान्यात जाऊनही त्यांनी हे काम शिकून घेतले. 10 जुलै 1856 रोजी सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी त्यांचे लग्न झाले आणि लंडनजवळ पिनर येथे बिऱ्हाड थाटले. सॅम्युएल 1852 पासून गृहिणींसाठी दोन पेनी किमतीचे एक मासिक काढीत. 1857 मध्ये इझाबेलाबाई त्यात फ्रेंच कथांची भाषांतरे करू लागल्या, आणि लवकरच पाककृतींचे सदरही त्यांच्याकडे आले.

खरे सांगायचे तर त्यांना स्वयंपाकाचा फारसा अनुभव नव्हता. व्हिक्टोरिया स्पंज केकची त्यांनी दिलेली पहिली कृती अंड्यांचा उल्लेखच न करता छापली गेली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुरणपोळीच्या कृतीत डाळ राहून जावी, तशातलाच हा प्रकार. पुस्तक लिहायचे ठरले तेव्हा त्यांनी घरोब्याच्या एका बाईंचा सल्ला घेतला. पाकशास्त्र वर्षानुवर्षांच्या अनुभवानेच येते, तेव्हा स्वतः नवे रचू नये, जाणत्यांच्या कृती गोळा करून त्यांतून निवड करावी, असे त्या बाईंनी सांगितले. इझाबेलाबाईंनी ते मानले. मासिकातून वाचक भगिनींना आपापल्या आवडत्या कृती पाठविण्याची विनंती केली गेली, आणि दोन हजारांवर कृती येऊन पडल्या.

आता कल्पना करा. माईंच्या दोनशे अकरा चिठ्ठ्यांनी मी घाबरले. येथे दोन हजार! कोणी मूठभर लिहिते, कोणी कपभर. कोणी जिन्नस कृतीच्या पोटात कुठेतरी लपवून ठेवते, की अर्धे शिजल्यावर कळावे, अजून लोणी हवे होते. इझाबेलाबाईंनी या सर्वांना एकच साचा ठरविला. आरंभी जिन्नस आणि त्यांची मापे. मग करण्याची रीत. त्यानंतर लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल, आणि कोणत्या ऋतूत करावे. त्यांच्या आधी 1845 मध्ये एलायझा ॲक्टन या लेखिकेने जिन्नसांची यादी वेगळी देण्यास सुरुवात केली होती, पण ती कृतीच्या शेवटी असे. बीटनबाईंनी ती अग्रभागी आणली. सूप, मासे, भाज्या, पुडिंगे असे विभाग पाडले आणि विभागात कृती नावांच्या वर्णानुक्रमे लावल्या. आज कोणतेही पाकपुस्तक उघडा, हीच मांडणी दिसते. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या 1970 सालच्या रुचिरा पुस्तकाने वाटी-चमच्याची मापे घरोघरी रुळविली, तेव्हा आपल्यालाही केवढा आधार वाटला!

हे काम काही निवांतपणी झाले नाही. मे 1857 मध्ये पहिला मुलगा झाला आणि ऑगस्टमध्ये, तीन महिन्यांचा असतानाच तो गेला. त्या दुःखातच कामाला हात घातलेला. 1858 च्या हिवाळ्यात त्यांनी पिनरच्या गरीब मुलांसाठी घरीच सूप शिजवून वाटले. त्या सूपची कृती पुस्तकात आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या थोड्या कृतींपैकी एक मानली जाते. 1859 पासून पुस्तकाचे भाग दरमहा निघू लागले. प्रत्येक भागाची पाने अठ्ठेचाळीसच. त्यामुळे एखादी कृती मध्येच तुटे आणि उरलेले पुढच्या महिन्यात! अखेर 1 ऑक्टोबर 1861 रोजी 1112 पानांचा ग्रंथ बाहेर पडला. पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजार प्रती खपल्या.

या ग्रंथाचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. मोठी गाजरे पावणेदोन ते सव्वादोन तास उकडावीत, असे त्यात सांगितले आहे. एवढ्या वेळात आपला सबंध स्वयंपाक होऊन ओटा धुऊन होईल. दुसरा दोष अधिक मोठा. यातील पुष्कळ कृती जुन्या पुस्तकांतून, विशेषतः एलायझा ॲक्टनच्या पुस्तकातून, नाव न घेता उचलल्या आहेत; आणि ज्या स्त्रियांनी कृती पाठविल्या त्यांचीही नावे फारशी कुठे आढळत नाहीत. त्यात एक कृती आहे बंगाली पद्धतीच्या आंब्याच्या चटणीची. विलायतेत कैऱ्या कोठून असणार? म्हणून तीस आंबट कच्ची सफरचंदे घेतली आहेत. बाकी साखर, मीठ, लसूण, कांदा, आले, सुक्या मिरच्या, मोहरी, मनुका आणि व्हिनेगर. हिंदुस्थानात पुष्कळ दिवस राहून परतलेल्या एका इंग्रज बाईंना ही कृती एका एतद्देशीयाने दिली, एवढेच तेथे लिहिले आहे. मायदेशी त्या बाईंचे या चटणीबद्दल मैत्रिणींत मोठे नाव झाले. पण मूळ देणारे माणूस कोण, याचा पत्ता नाही. आपल्याच देशातले ते कोणी. त्याच्या हातची चटणी सातासमुद्रापार गेली आणि नाव मागे राहिले. ते वाचून मला वाईट वाटले.

पुढची कथा थोडक्यात सांगते. दुसरा मुलगा साडेतीन वर्षांचा होऊन 1862 च्या शेवटच्या दिवशी गेला. बरोबर वर्षाने, 1863 च्या शेवटच्या दिवशी, तिसरा मुलगा झाला. 29 जानेवारी 1865 रोजी त्या आपल्या ग्रंथाच्या संक्षिप्त आवृत्तीची मुद्रिते तपाशीत होत्या. त्यातच कळा सुरू झाल्या आणि त्याच दिवशी चौथा मुलगा जन्मला. दुसऱ्या दिवशी ताप भरला. तो बाळंतरोगाचा ताप होता. सुइणींनी आणि डॉक्टरांनी हात नीट धुतले तर हा ताप टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी 1847 मध्येच दाखविले होते, पण बहुतेकांनी ते मानले नव्हते. 6 फेब्रुवारीला इझाबेलाबाई गेल्या. पुढच्या वर्षी पैशाच्या अडचणीमुळे पतीने ग्रंथाचे हक्क विकले. नव्या प्रकाशकांनी बाईंच्या निधनाचा गाजावाजा केला नाही. त्यांच्याच नावाने नवनवीन आवृत्त्या निघत राहिल्या. त्यामुळेच ती पांढऱ्या केसांची आजीबाई लोकांच्या मनात तयार झाली.

असो. मी माईंचा डबा कसा लावला तेही सांगते, म्हणजे कोणाला उपयोग होईल. प्रथम सर्व चिठ्ठ्या चटईवर पसरून भात, भाज्या, आमट्या, गोडाचे, फराळाचे, लोणची-मसाले आणि उपासाचे असे ढीग केले. एकाच पदार्थाच्या दोन-तीन चिठ्ठ्या होत्या त्या टाचणीने एकत्र टोचल्या. मग जाड कागदाची कार्डे कापली आणि एका कार्डावर एकच कृती, बीटनबाईंच्या क्रमाने: आधी जिन्नस मापासह, मग रीत, वेळ, किती माणसांना, कोणत्या दिवसांत. जुने चिपटे-अदपाव होते तेथे कंसात वाटी किंवा ग्रॅम लिहिले. करून पाहिलेल्या कृतीवर लाल फुली. मूळ चिठ्ठी मात्र फेकली नाही. ती पाकिटात घालून ठेवली, कारण अक्षर माईंचे आहे.

आणि बीटनबाईंनी जे केले नाही ते एक केले. प्रत्येक कार्डाच्या खाली देणारीचे नाव लिहिले. माईंच्या चिठ्ठ्यांवर ती होती: शेजारच्या काकू, नागपूरची मावशी, एकीच्या पुढे तर नुसते गाडीत भेटलेल्या बाई. तेही मी तसेच उतरविले.

मसाल्याचे म्हणाल तर वन्सं गेल्या आठवड्यात येऊन राहिल्या. दोघींनी तराजू पुढे ठेवून, आठवून आठवून, तीन वेळा थोडा थोडा मसाला भाजला. पहिल्यात दगडफूल जास्त झाले, दुसरा करपला. तिसरा आमटीत घातला, तेव्हा वन्सं काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. अगदी माईंचा नाही. जवळ मात्र आला आहे. ते माप कार्डावर लिहिले, आणि खाली माईंचे नाव.

भगिनींनो, आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते अजून विचारता येते. पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक कृती, मापासह आणि नावासह, लिहून आणावी, एवढीच माझी विनंती आहे. विचारायचे ते आजच विचारा.