इब्न खल्दून आणि समूदच्या घरांचे दरवाजे

दरवर्षी वर्गातला एखादा मुलगा मोबाईलवर पाहिलेल्या फोटोबद्दल विचारतोच. वाळवंटात सापडलेला ताडमाड सांगाडा, आणि खाली लिहिलेलं की हा आद कौमचा माणूस. सर, हे खरं आहे का? अशा वेळी मला अल्लामा इब्न खल्दून आठवतात. त्यांनी हा प्रश्न सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीच हाती घेतला होता.

जन्म 1332 चा, ट्युनिस शहरातला. खानदान मूळ अंदलुसमधलं, सेव्हिलचं. ऐन तारुण्यात ताऊनच्या, म्हणजे प्लेगच्या साथीत वालिद आणि वालिदा दोघंही गेले, अनेक उस्तादही गेले. पुढे फेज, ग्रॅनाडा अशा दरबारांत नोकऱ्या केल्या, फेजमध्ये जवळपास दोन वर्षं कैदही भोगली. शेवटी राजकारणाला कंटाळून 1375 मध्ये ते आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्न सलामा या किल्ल्यात बायकामुलांसह राहायला गेले. तिथेच 1377 मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी 'मुकद्दिमा'चा मसुदा पूर्ण केला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. जुन्या गोष्टीत नुसतं कोणी सांगितलं एवढंच पाहू नका, माणसांच्या वस्तीत असं घडणं शक्य आहे का, हेही पाहा. लोक अवाढव्य जुन्या इमारती पाहायचे आणि बांधणारेही तेवढेच अवाढव्य असणार असं समजायचे. इब्न खल्दून म्हणाले की किसराचा महाल बघा, तो बांधणारे आपल्याच उंचीचे होते. मोठी इमारत उभी राहते ती मजबूत सल्तनत, हजारो मजूर आणि ओझं उचलायची यंत्रं यांच्या जोरावर. मग त्यांनी हिज्रमधल्या, खडकात कोरलेल्या समूदच्या घरांचा दाखला दिला. हिजाजचे काफिले तिथून जातात, डोळ्यांनी पाहतात. खोल्या आणि दरवाजे नेहमीच्याच मापाचे!

इथे एक गोष्ट मुलांना मी मुद्दाम सांगतो. आजचे पुरातत्त्व संशोधक म्हणतात की हिज्रमधली कोरीव दर्शनी कामं बहुतेक नबाती लोकांच्या कबरी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यावरचे शिलालेख वाचून हे कळलं. म्हणजे अल्लामांचा दाखला थोडा चुकला, पण दरवाजाकडे बघून माणसाचा अंदाज घ्यायची त्यांची रीत चुकली नाही.

1382 मध्ये ते मिसरला गेले, दोन वर्षांनी काहिरात मालिकी काजी झाले. त्याच सुमारास ट्युनिसहून येणारं जहाज बुडालं आणि बायकामुलं गेली. तरी किताबात दुरुस्त्या चालूच होत्या. 1401 मध्ये वेढा पडलेल्या दमिश्कच्या तटावरून दोराने खाली उतरून ते तैमूरला भेटले. वय तेव्हा सत्तरीच्या जवळ!

1406 मध्ये काहिरात त्यांचा इंतकाल झाला. बाब अन-नस्र दरवाजाबाहेरच्या सूफींच्या कब्रस्तानात दफन झालं. कबर नेमकी कुठली, ते आज कोणाला सांगता येत नाही.