विश्लेषण : शुक्रवारचा उपवास शिकवणारे जॉन वेस्ली कोण होते? विद्यार्थ्याच्या मृत्यूचे खापर त्यांच्यावर का फुटले?

मेथडिस्ट चर्च मुंबईतही आहे आणि पुण्यातही. या पंथाची मुळे ज्या जॉन वेस्ली यांच्याकडे जातात, त्यांची ओळख घोड्यावरून गावोगाव फिरणारे इंग्रज प्रवचनकार अशी आहे. मात्र त्यांनी आयुष्यभर एक साधी गोष्ट लावून धरली : उपवास.

उपवास कुठे शिकले?

वेस्ली यांचा जन्म १७०३ मध्ये लिंकनशायरमधील एपवर्थ गावी झाला. वडील चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू. या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात शुक्रवार हा उपवासाचा दिवस आधीपासूनच होता, पण तो नियम बहुतांशी कागदावरच राहिला होता. ऑक्सफर्डमध्ये धाकटे बंधू चार्ल्स यांनी १७२९ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांचा गट जमवला. लवकरच जॉन त्याचे प्रमुख झाले. बायबल वाचणे, तुरुंगातील कैद्यांना भेटणे, गरिबांना मदत करणे, सगळे वेळापत्रकानुसार. या पद्धतशीरपणावरूनच इतरांनी त्यांना चिडवायला ‘मेथडिस्ट’ म्हटले आणि तेच नाव पुढे चिकटले.

१७३२ मध्ये जॉन क्लेटन या गटात आले. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींप्रमाणे बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही न खाण्याची प्रथा वेस्ली यांनी उचलली ती त्यांच्या प्रभावाने. बुधवार येशूचा विश्वासघात ठरल्याचा, तर शुक्रवार क्रुसावरील मृत्यूचा दिवस मानला जातो.

मॉर्गन प्रकरण काय होते?

कैद्यांना भेटण्याची कल्पना ज्याची होती, तो विल्यम मॉर्गन हा आयरिश विद्यार्थी आजारी पडून घरी परतला आणि ऑगस्ट १७३२ मध्ये डब्लिनमध्ये वारला. वेस्ली बंधूंच्या कडक उपवासांनी त्याचा जीव घेतला, अशी चर्चा सुरू झाली. डिसेंबरमध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात गटावर टीका करणारे निनावी पत्रही आले.

त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, वेस्ली यांनी मॉर्गनच्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले होते. त्यातला युक्तिवाद तारखांचा होता. मॉर्गनने उपवास सोडून साधारण दीड वर्ष झाले होते आणि वेस्ली यांनी स्वतः ते सुरू करून सहा महिनेही झाले नव्हते. म्हणजे वेस्ली यांनी ते लादले नव्हते, हे स्पष्ट होते. अर्थात मॉर्गन कधीकाळी उपवास करत होता, हेही त्याच पत्रातून कळते. वडिलांचे बऱ्यापैकी समाधान झाले असावे, कारण पुढच्याच वर्षी त्यांनी धाकट्या मुलाला वेस्ली यांच्याच देखरेखीखाली ऑक्सफर्डला शिकायला पाठवले.

मग उपवास सोडला का?

नाही. १७३५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जियाला जाताना जहाजावर त्यांनी मांस आणि मद्य बंद केले. आहार मुख्यतः भात आणि बिस्किटांचा. जॉर्जियातील काम मात्र फसले. १७३८ मध्ये लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत, आपले तारण कर्माने नव्हे तर श्रद्धेने होते, याची खात्री त्यांना पटली.

खरा पेच इथे होता. श्रद्धेनेच तारण, तर उपाशी कशाला राहायचे? लंडनमधील काही सहकारी तर म्हणू लागले, की श्रद्धा लाभेपर्यंत प्रार्थना, प्रभुभोजन, उपवास सगळे थांबवावे आणि शांत बसावे. वेस्ली यांना हे मान्य नव्हते. १७४० मध्ये ते त्यांच्यापासून वेगळे झाले आणि १७४३ मध्ये आपल्या मंडळ्यांच्या नियमांत उपवासाचा समावेश केला.

ते नेमके काय शिकवत?

डोंगरावरील प्रवचनावर बोलताना त्यांनी उपवासाच्या पायऱ्या सांगितल्या. झेपत असेल तर काहीच खाऊ नये. अशक्त किंवा आजारी माणसाने थोडे खावे. तेही जमत नसेल तर निदान चमचमीत पदार्थ सोडावेत. (साबुदाणा वडा या तिसऱ्या पायरीतही बसणार नाही.) उपवासाने पुण्य साठत नाही, तो लोकांना दाखवायचा नाही, प्रकृती बिघडवायची नाही आणि त्याला दानाची जोड हवी, असे ते बजावत. मॉर्गनचा अनुभव यामागे असेल, असे मानायला जागा आहे.

म्हातारपणी मात्र ते वैतागले होते. १७८९ मधील एका प्रवचनात, आपल्याच अनुयायांपैकी किती जण आता उपवास करतात, असा जाब त्यांनी विचारला. दोन वर्षांनी, २ मार्च १७९१ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये दीक्षा घेणाऱ्या धर्मगुरूला आजही एक जुना प्रश्न विचारला जातो : लोकांना उपवास शिकवाल का आणि स्वतःही कराल का?