टिळकांनी घेतलेला ड्रॉप

‘ड्रॉप घेतला’ हे शब्द आपल्या वर्गात निम्म्या लोकांच्या तरी ओळखीचे आहेत. बारावीनंतर एक वर्ष घरी बसायचं, क्लास लावायचा आणि पुन्हा परीक्षा द्यायची. मी सांगणार आहे ती गोष्ट नेमकी उलटी आहे. या माणसाने आधी चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळवला आणि मग पुस्तकं मिटून एक अख्खं वर्ष तालमीत घालवलं. हा माणूस म्हणजे बाळ गंगाधर टिळक. हो, तेच! शेंगांची टरफलं आणि केसरी यापलीकडे मलाही त्यांच्याबद्दल फारसं ठाऊक नव्हतं.

विषय निघाला घरातून. आम्ही ठाकूरद्वारला चाळीत राहतो. धाकटी बहीण अकरावी सायन्सला आहे. लहानपणापासून पोहते, राज्य पातळीवर एक ब्राँझ आहे. तिला आयआयटीत जायचंय. अकरावी सुरू झाली आणि बाबांनी फर्मान काढलं, आता पोहणं बंद. तिचं म्हणणं, मद्रास आयआयटीत खेळाडूंना जागा असतात. घरातला इंजिनीअर म्हणून चौकशी माझ्या गळ्यात पडली.

जागा आहेत हे खरं. मद्रास आयआयटीने २०२४ च्या प्रवेशांपासून पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींची. पण त्यासाठी मागच्या चार वर्षांतलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं पदक लागतं, आणि तेवढ्याने भागत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यावंच लागतं. राज्याचं ब्राँझ तिथे उपयोगाचं नाही. हे सांगितल्यावर दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तेव्हा आजोबांनी कपाटातलं टिळकांचं जुनं चरित्र काढून माझ्यापुढे टाकलं. सबमिशन सोडून ते वाचत बसलो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, पुढे शाळाखात्यात अधिकारी, संस्कृत आणि गणितात मुरलेले. बदलीमुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आलं आणि त्याच वर्षी आई गेली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये वडीलही गेले. त्याच वर्षाअखेर सोळा वर्षांचा हा मुलगा मॅट्रिक झाला आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाला. त्या काळी मॅट्रिक होणारेच मोजके, त्यातून कॉलेजात जाणारे आणखी थोडे. म्हणजे आजच्या भाषेत सीट मिळाली होती. डोक्यावर आईबाप नाहीत, अशा मुलाने काय करावं? गुपचूप अभ्यास करावा. कोणीही हेच सांगेल.

पण टिळकांची प्रकृती तोळामासा होती. बुद्धी तल्लख, हातपाय मात्र काटकुळे. हे शरीर पुढच्या आयुष्याला पुरणार नाही असं त्यांच्या मनाने घेतलं आणि कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालवलं. व्यायाम, कुस्ती, पोहणं, नदीत होडी वल्हवणं. खाणंही त्या हिशोबाने. वसतिगृहातल्या नाजूक मुलांना ते सोडत नसत. त्यांच्या औषधाच्या बाटल्या फोडून त्यांना व्यायामाला ओढत नेत, असं सांगतात. (आपल्या होस्टेलवर असा रूममेट मिळाला तर पहिल्या आठवड्यात रेक्टरकडे तक्रार जाईल!) परिणाम व्हायचा तोच झाला. ते वर्ष बुडालं.

इथे मला थांबावंसं वाटलं. कारण टिळकांनी व्यायाम केला आणि म्हणून ते हुशार झाले, अशी गोष्ट आपण लगेच रचतो. तसं काही नाही. तालमीने त्यांना एकही मार्क दिला नाही. मार्कांसाठी पुढची वर्षं बसून अभ्यासच करावा लागला. गणितात त्यांना केरूनाना छत्र्यांसारखे नामांकित शिक्षक मिळाले. टिळक गणित घेऊन बी.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. एम.ए. पुरं झालं नाही. १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं आणि तिथे टिळक गणित शिकवू लागले.

मग त्या बुडालेल्या वर्षाचा फायदा काय? तो दिसायला बराच वेळ गेला. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. ठाकूरद्वारहून चालत जाता येईल एवढ्यावर. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि २२ जुलै १९०८ ला मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पुरी होणार होती, अंगात मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगातून हा माणूस परत येईल का, हीच शंका. तिथे असतानाच १९१२ मध्ये पत्नी वारल्याची बातमी आली. तरी १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढलं. १९१४ मध्ये सुटून आले आणि पुन्हा कामाला लागले. हे सगळं नुसत्या मनाच्या जोरावर झालं असं मला वाटत नाही. शरीराने साथ दिली, आणि ते शरीर सोळाव्या-सतराव्या वर्षी एक वर्ष मोजून कमावलेलं होतं.

आता माझं सांगतो. मी दहावीनंतर कबड्डी सोडली. क्लासवाल्यांनी सांगितलं, दोन वर्षं कळ काढ, मग खेळ हवं तेवढं. ती दोन वर्षं संपून तीन झाली. मैदानाकडे पाय वळले नाहीत. प्रवेश मिळाला, त्याची तक्रार नाही. पण चाळीचे तीन जिने चढताना विसाव्या वर्षी धाप लागते आणि ड्रॉइंगच्या शीटवर दोन तास वाकलो की पाठ धरते.

हे सगळं मी घरात जसंच्या तसं सांगितलं. बहिणीला सांगितलं, पोहून तुला आयआयटीत सीट मिळणार नाही, ती आशा सोड. बाबांना सांगितलं, पोहणं सोडूनही ती मिळेलच असं नाही, आणि सुटलेलं पोहणं परत येत नाही. शेवटी ठरलं ते असं : यंदा स्पर्धा बंद, पण रोज सकाळी एक तास पोहणं चालू. बाबा अजून कुरकुरतात. ती स्पर्धांसाठी एकदा रडली.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत सरदारगृहात गेले आणि गिरगाव चौपाटीवर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचा पुतळा आहे. बहिणीचा पोहायला जायचा रस्ता तिथूनच जातो. परवा मीही सहाला उठून तिच्याबरोबर चौपाटीपर्यंत चालत गेलो. येताना धाप लागली, पण आलो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी