श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे चरित्र

नाटक म्हणजे घटकाभर करमणूक, असे पुष्कळांस वाटते. परंतु सतराव्या शतकात फ्रान्स देशात मोलियेर नामक नाटककाराने लोकांस हसवीत हसवीत त्यांचे दोष त्यांच्या पदरात घातले. त्याच्या व शेक्सपियरच्या नाटकांचा ज्यांच्या लेखनावर संस्कार झाला, अशा एका महाराष्ट्रीय ग्रंथकाराचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपुरास झाला. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. महाल ही जुनी वस्ती मात्र त्यांच्या वाड्यांची आठवण अद्याप आपल्या नावात बाळगून आहे. कोल्हटकर कायद्याची परीक्षा उतरून वऱ्हाडात वकिली करू लागले. उपजीविका वकिलीची, पण ओढा लेखनाचा.

त्यांचे ‘वीरतनय’ नाटक १८९६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या नव्या चालींनी प्रेक्षक मोहून गेले. पुढे त्यांनी एकंदर बारा नाटके लिहिली. ‘मूकनायक’ नाटकात मद्यपानाचे अनर्थ दाखविले, तर ‘मतिविकार’ नाटकात विधवांच्या पुनर्विवाहाचा कैवार घेतला. ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखांत सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही त्रयी रूढींचा मोठा अभिमान बाळगिते, आणि त्यांच्या वागण्यानेच त्या रूढींचा पोकळपणा उघडा पडतो. शिव्याशाप देऊन जे साधत नाही, ते या हसण्याने साधले.

त्यांच्या नाटकांत दोष नव्हते असे नाही. कथानके गुंतागुंतीची व भाषा कोट्यांनी लादलेली. त्यामुळे त्यांचे प्रयोग हळूहळू मागे पडले. तथापि राम गणेश गडकरी त्यांस गुरू मानीत. मद्यपानाचा जो विषय गुरूने हाताळला, तोच शिष्याने ‘एकच प्याला’ नाटकात घेतला व अधिक हृदयद्रावक केला. हा शिष्य १९१९ साली नागपूरनजीक सावनेर येथे ऐन तारुण्यात निवर्तला. कोल्हटकर १ जून १९३४ रोजी वारले.

वाचकहो, जो शिकवितो त्याने आपले नाव मागे पडेल म्हणून खंत करू नये. कोल्हटकरांनी पेरले, गडकऱ्यांनी कापणी केली. धान्य मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या घरी आले.